मातृत्वावर मेंढीचें ऋण

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळेंत मीं आयुष्यभर हाच इतिहास शिकविला आणि त्याची थोरवी मला मान्य आहे. परंतु मनुष्यजातीच्या इतिहासाचा एक मोठा भाग बाळंतिणीच्या खोलींत घडत आला आहे, आणि त्याची बखर लिहिण्यास बखरकारांस सवड झालेली नाहीं. त्या न लिहिलेल्या बखरींतील एका प्रकरणाकडे मी आज आपलें लक्ष वेधणार आहें. या प्रकरणाची नायिका आहे मेंढी.

हें ऐकून कोणास हसूंहि येईल. आमच्या निफाड तालुक्यांत मेंढी ही कांहीं अपूर्वाईची गोष्ट नव्हे. सुगी आटोपली म्हणजे धनगरांचे वाडे शिवारांत उतरतात; शेतकरी आपल्या रानांत मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखताचा मोबदला धान्यानें किंवा पैशानें चुकता करतो, आणि चार दिवसांनीं घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा पुढच्या गांवास निघून जातो. खत, लोकर, घोंगडी आणि मांस एवढाच मेंढीचा उपयोग, अशी आपली समजूत असते. परंतु आईच्या पोटांत मूल कसें वाढतें, जन्माच्या क्षणीं त्याच्या शरीरांत कोणता पालट होतो, स्त्रीच्या बीजांडकोशांत महिनाभर कोणत्या घडामोडी चालतात, या प्रश्नांचीं उत्तरें डॉक्टरांस पुष्कळ अंशीं मेंढीच्या उदरांत डोकावूनच मिळालीं आहेत.

या ज्ञानाची निकड किती होती हें कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं आमच्या निफाडांत झाला. त्या काळीं बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असें म्हणत, आणि त्यांत अतिशयोक्ति नव्हती. आनंदीबाई जोशी यांचें चौदाव्या वर्षीं झालेलें मूल अवघें दहा दिवस जगलें. त्या दुःखांतून उठून त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं डॉक्टर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या निवर्तल्या. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें राहिलें आणि रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखालीं परिचारिकांच्या शिक्षणास तेथें उत्तेजन मिळालें.

परंतु शुश्रूषा ही एक गोष्ट आणि ज्ञान ही दुसरी. गर्भाशय ही कुलूप घातलेली खोली. मृत शरीराच्या विच्छेदनानें तिची रचना कळते, व्यवहार कळत नाहीं. आणि जिवंत गर्भवतीवर प्रयोग करण्याचा विचारहि कोणा सज्जनाच्या मनांत येणार नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञ प्राण्यांकडे वळले. उंदीर फार लहान, आणि त्याचीं पिलें एका वेतास आठ-दहा. घोडी आणि गाय अवजड. मेंढी मात्र स्वभावानें गरीब, आकारानें बेताची, आणि बहुधा एका वेळीं एकच कोंकरूं देणारी. मोठ्या जातींच्या कोंकराचें जन्मवेळचें वजन तीन-चार किलो, म्हणजे जवळजवळ मानवी बालकाइतकेंच. मेंढीचे गाभणपणाचे दिवस सुमारें दीडशें. त्यामुळें पांच महिन्यांत एक प्रयोग पुरा होतो. शिवाय मेंढीच्या पोटांतील गर्भास बारीक नळी लावली तरी तो पुष्कळदां गर्भपात न होतां पुढें वाढत राहतो. या गुणांमुळें गर्भाच्या अभ्यासकांनीं मेंढीस जवळ केलें.

या मार्गावरील आद्य पुरुषांत केंब्रिजचे सर जोसेफ बारक्रॉफ्ट यांचें नांव घ्यावें लागतें. विरळ हवेंत रक्ताचें काय होतें हें पाहण्यासाठीं ते पूर्वीं पेरू देशांतील पर्वतांवर जाऊन आले होते. पुढें त्यांनीं मेंढीच्या गर्भाकडे लक्ष वळविलें, आणि पोटांतलें कोंकरूं एखाद्या उंच शिखरावर राहिल्याप्रमाणें अल्प प्राणवायूवर जगतें असें त्यांस आढळलें. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या नफील्ड संस्थेंतील बार्क्ले, फ्रँकलिन प्रभृति संशोधकांनीं एक नवल केलें. कोंकराच्या शिरेंत क्ष-किरण अडविणारें द्रव्य सोडून त्यांनीं रक्ताच्या वाटेचें चलच्चित्र घेतलें. गर्भाचें बहुतेक रक्त फुप्फुसांस टाळून एका आडवाटेनें महाधमनींत जातें, आणि पहिल्या श्वासानंतर ती वाट आकसूं लागते, ही गोष्ट विच्छेदकांनीं तर्कानें ताडली होती. ती आतां पडद्यावर डोळ्यांनीं दिसली. त्यांचें पुस्तक १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. जन्मतःच हृदयांत दोष असलेल्या मुलांवर आज उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर हीच वाट मनांत धरून चालतो. चित्र घेण्याच्या यंत्रानें मेंढीच्या गर्भाकडे पाहण्याचा हा आरंभ होय.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत हृद्य वाटतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें ग्रॅहम लिगिन्स नांवाचे प्रसूतितज्ज्ञ होते. दिवस भरण्यापूर्वींच कळा कां सुरू होतात, हें कोडें त्यांस सोडवावयाचें होतें. मेंढीच्या गर्भास त्यांनीं एक अंतःस्राव टोंचून दिला. मेंढी अकालीं व्याली. इतक्या कोंवळ्या कोंकराचीं फुप्फुसें कच्चीं असतात आणि तें जगत नाहीं, हा सर्वांचा अनुभव. परंतु असें एक कोंकरूं श्वास घेत राहिलें, आणि तपासतां त्याचीं फुप्फुसें कांहीं अंशीं फुललेलीं आढळलीं. लिगिन्स शोधावयास निघाले होते कळांचें कारण; हातीं आलें अपुऱ्या दिवसांच्या बाळास तारणारें औषध. १९६९ सालीं त्यांनीं हें निरीक्षण छापलें, आणि १९७२ सालीं रॉस हॉवी यांच्यासह २८२ मातांवरील प्रयोगाचा निष्कर्ष जगापुढें मांडला. औषध न मिळालेल्या गटांत शेंकडा सुमारें १५ अर्भकें पहिल्या कांहीं दिवसांतच दगावलीं. औषध मिळालेल्या गटांत हेंच प्रमाण शेंकडा सुमारें ३ होतें.

एवढा लाभ स्पष्ट दिसत असतां जगानें तो तत्काळ उचलला असेल, असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. शंका, आळस आणि जुन्या संवयी यांनीं वाट अडवून धरली. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञसभेनें या उपचाराची निःसंदिग्ध शिफारस केली ती १९९४ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं. मध्यंतरीं किती पाळणे रिकामे राहिले याचा हिशेब कोणी करावा?

आतां याच कथेची दुसरी शाखा पाहूं. तिचा उगम कारखान्यांत आहे. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड हे महायुद्धांत विमानदलांत होते, आणि समुद्रांतील पाणबुडी ध्वनीच्या पडसादावरून हुडकतां येते हें त्यांस ठाऊक होतें. पोलादाच्या बाष्पकपाटांतील चिरा शोधण्यासाठीं कारखान्यांतून असेंच यंत्र वापरीत. १९५५ सालीं डोनाल्ड यांनीं शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठी मोटारींत घालून एका बॉयलरच्या कारखान्यांत नेल्या आणि तुलनेसाठीं सोबत मांसाचा एक मोठा तुकडाहि घेतला. घन गांठ आणि पाण्यानें भरलेली गांठ यांचे पडसाद वेगवेगळे उठतात असें तेथें दिसून आलें. जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांच्या साह्यानें त्यांनीं लिहिलेला निबंध ७ जून १९५८ रोजीं ‘लॅन्सेट’मध्यें छापला गेला. कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें पोटांतलें चित्र काढण्याची ही विद्या आज घराघरांत सोनोग्राफी या नांवानें ओळखली जाते.

ही विद्या मेंढीकडे जाण्यास वेळ लागला नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंत मेंढी गाभण आहे किंवा नाहीं हें ध्वनीच्या पडसादानें ओळखण्यांत आलें. १९८०च्या दशकांत ऑस्ट्रेलियांत हलतें चित्र दाखविणाऱ्या यंत्रानें पोटांत एक कोंकरूं आहे कीं दोन हेंहि मोजूं लागले. जुळें असलेल्या मेंढीस अधिक चारा मिळावा हा हेतु. पुढें संशोधकांनीं या यंत्राचा रोख बीजांडकोशाकडे वळविला. मेंढीचें ऋतुचक्र सुमारें सतरा दिवसांचें. रोज चित्र घेत गेल्यावर असें आढळलें कीं बीज धारण करणारीं पाण्याचीं सूक्ष्म पुटकें या अवधींत एकदांच वाढतात असें नसून तीन-चार लाटांनीं वाढतात आणि ओसरतात. गाय आणि घोडी यांच्याविषयींहि असेच शोध लागले होते. स्त्रियांच्या बाबतींत मात्र महिन्यास एकच लाट असें पाठ्यपुस्तकें सांगत आलीं होतीं. कॅनडांतील सॅस्काटून येथें अँजेला बेअरवाल्ड, ग्रेग अ‍ॅडम्स आणि रॉजर पिअरसन यांनीं पन्नास स्त्रियांचीं चित्रें प्रतिदिनीं घेऊन २००३ सालीं दाखवून दिलें कीं बहुतेकींत दोन, आणि उरलेल्यांत तीन लाटा येतात. कर्करोगाच्या उपचारापूर्वीं बीज जपून ठेवूं इच्छिणाऱ्या तरुणीस आतां पुढील पाळीची वाट पाहत बसावें लागत नाहीं. महिन्याच्या कोणत्याहि दिवशीं औषध सुरू करण्याची जी पद्धति रूढ झाली, तिचा आधार या लाटांच्या ज्ञानांत आहे.

मेंढीनें दिलेलें औषध आणि ध्वनीनें काढलेलें चित्र, या दोन शाखा एकत्र कोठें मिळाल्या हें आपणां मराठी लोकांस विशेष जवळचें आहे. लिगिन्स यांचें औषध श्रीमंत देशांतील सुसज्ज रुग्णालयांत गुणकारी ठरलें. परंतु खेड्यापाड्यांतून तें सरसकट द्यावें काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला. आपल्याकडील त्याचीं केंद्रें होतीं नागपूर आणि बेळगांव. २०१५ सालीं निष्कर्ष आला तो धक्का देणारा होता. ज्या भागांत औषधाचा प्रसार केला तेथें एकंदर अर्भकमृत्यु कमी न होतां किंचित् वाढले. खेड्यांत दिवस मोजण्याचें खात्रीचें साधन नसल्यानें, ज्यांचे दिवस जवळजवळ भरले होते अशा अनेक मातांसहि तें टोंचलें गेलें होतें.

येथें कोणी निराश होऊन औषधच टाकून दिलें असतें तर तो अविचार झाला असता. जागतिक आरोग्य संघटनेनें पुन्हां प्रयोग योजिला. या खेपेस रुग्णालयांत, आणि सोनोग्राफीनें गर्भाचें वय नक्की करून. बेळगांव याहि प्रयोगांत होतें. पांच देशांतील २८५२ माता त्यांत सामील झाल्या. २०२० सालीं आलेल्या निष्कर्षांत औषध न मिळालेल्या गटांतील शेंकडा २३.५ अर्भकें दगावल्याचें दिसलें, आणि औषध मिळालेल्या गटांतील १९.६. फरक आंकड्यांत लहान दिसतो. परंतु त्याचा अर्थ असा कीं दर पंचवीस मातांमागें एका मातेची कूस भरलेली राहिली. कोंकरानें औषध दाखविलें, आणि तें कोणास द्यावें हें चित्रानें सांगितलें; एकाविण दुसरें अपुरें होतें.

आपल्या घरच्या दुसऱ्या एका कार्याचा उल्लेख केल्याविना मला पुढें जातां येत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील फलटण येथें बी. व्ही. निंबकर यांनीं १९६८ सालीं स्थापिलेली कृषिसंशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी काटक खरी, परंतु बहुधा एकच कोंकरूं देणारी. उलट बंगालच्या सुंदरबनांत गरोळ नांवाची मेंढी आहे; अंगानें ती इतकी लहान कीं वजन दहा-पंधरा किलोंच्या घरांत, पण जुळीं-तिळीं देण्यांत तिचा हातखंडा. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या. तेथील बुरुला नांवाच्या प्रसिद्ध कळपाची बहुप्रसव शक्ति त्यांच्याकडूनच आली असावी असें मानतात. या शक्तीचें मूळ असलेला आनुवंशिक घटक २००१ सालीं तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं हुडकून काढला, आणि तो गरोळ मेंढींतहि सांपडला.

फलटण येथें डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गरोळचा हा गुण दख्खनी मेंढींत उतरविला. रक्ताची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साह्यानें झाली. बीजें किती सुटलीं हें पाहण्यासाठीं पोटास बारीक छेद घेऊन आंत दुर्बीण घालण्यांत आली. या घटकाची एक प्रत मिळालेल्या मेंढींत एकाऐवजीं साधारण दोन बीजें सुटतात असें आढळलें. हा उद्योग धनगराच्या दोन पैशांसाठीं होता, हें खरें. परंतु ज्ञानाच्या वाटा कोठें जाऊन मिळतील हें सांगतां येत नाहीं. मेंढींतील बुरुला घटकाचें स्थान शोधणाऱ्यांपैकीं एक संशोधक, ग्रँट माँटगोमेरी, पुढें जुळ्या मुलांच्या मातांचा अभ्यास करूं लागले. न्यूझीलंडच्या मेंढ्यांत २००० सालीं एक दुसरा घटक सांपडला: त्याची एक प्रत असली तर मेंढीस जुळें होतें, दोन असल्या तर ती वांझ राहते. चारच वर्षांनीं, ज्यांचे बीजांडकोश वाढलेच नव्हते अशा दोन सख्ख्या बहिणींत त्याच घटकाचा दोष आढळला. वांझपणाचें खापर ज्या समाजांत शतकानुशतकें स्त्रीच्या पापपुण्यावर फोडलें जातें, त्या समाजास हा धडा मेंढीनें द्यावा, यांत थोडा न्यायच आहे.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रांतहि हीच कथा. बीजांडकोशाचा गोठवून ठेविलेला तुकडा पुन्हां रोवून मेंढीस कोंकरूं होऊं शकतें हें रॉजर गॉस्डेन यांनीं १९९४ सालीं दाखविलें. दहा वर्षांनीं ब्रुसेल्स येथें त्याच रीतीनें एका स्त्रीस मूल झालें. स्वीडनच्या मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांनीं गर्भाशय रोवण्याची क्रिया ज्या प्राण्यांवर अभ्यासिली त्यांत मेंढी होती. २०१४ सालीं रोवलेल्या गर्भाशयांतून पहिलें मूल जन्मलें. आपल्या पुण्यांत डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनीं मे २०१७ मध्यें भारतांतील अशी पहिली शस्त्रक्रिया केली, आणि पुढल्या वर्षीं ऑक्टोबरांत एका आईच्या दिलेल्या गर्भाशयांतून तिच्या लेकीस मूल झालें.

परंतु स्तुति करतां करतां विवेक सुटूं नये. मेंढी म्हणजे स्त्री नव्हे. तिच्या गर्भाशयास दोन लांब शिंगें असतात; तिची वार एकसंध नसून अनेक गुच्छांची असते; कळा सुरू होण्याचा इशारा कोंकरूं देतें तसा मानवी गर्भ देत नाहीं. म्हणून मेंढीवरील निष्कर्ष हा केवळ दिशादर्शक; तो स्त्रीच्या बाबतींत पुन्हां पारखून घ्यावा लागतो. नागपूर आणि बेळगांव यांनीं आपणांस तेंच शिकविलें. मुक्या प्राण्यास होणाऱ्या यातनांचा प्रश्नहि डोळ्यांआड करण्याजोगा नाहीं. १९६०च्या कायद्यानें आपल्या देशांत अशा प्रयोगांवर देखरेख ठेविली आहे, आणि बाहेरून चित्र घेण्याच्या विद्येमुळें पूर्वीं जेथें मेंढीचें पोट चिरावें लागे तेथें आतां पुष्कळदां तें चिरावें लागत नाहीं.

मला अधिक बोंचते ती दुसरी गोष्ट. ज्या पडद्यावर परदेशचा मेंढपाळ एक कोंकरूं कीं दोन हें पाहतो, त्याच पडद्यावर आपल्या सुशिक्षित घरांनीं मुलगा कीं मुलगी हें पाहिलें. महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत सर्वांआधीं या कुकर्माविरुद्ध कायदा केला; १९९४ सालीं केंद्रानें केला. तरीहि सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या १९९१ सालीं ९४६ होती, ती २००१ सालीं ९१३, आणि २०११ सालीं ८९४ वर आली. धनगराच्या वाड्यावर मादी कोंकरूं जन्मलें तर त्यास आनंद होतो. कळप तिच्यानेंच वाढतो हें तो जाणतो. आम्ही पुस्तकें वाचलेलीं माणसें एवढेंहि जाणूं शकलों नाहीं. यंत्राचा यांत कांहीं दोष नाहीं. पडसाद तेवढा खरा असतो. तो ऐकणाऱ्याचें मन कसें आहे, यावर सर्व अवलंबून.

श्रोतेहो, ऋण फेडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मेंढीचें हें ऋण फेडावयास फार कांहीं लागत नाहीं. घरांतील गर्भवतीची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून दिवसांची खात्री करून घ्यावी. दिवस भरण्यापूर्वीं कळा येऊं लागल्या तर ‘उद्यां पाहूं’ म्हणून रात्र काढूं नये. तिला तत्काळ सुसज्ज रुग्णालयांत न्यावें आणि बाळाच्या फुप्फुसांसाठीं इंजेक्शनची आवश्यकता आहे काय, असें डॉक्टरांस विचारावें. आणि जन्मास येणारें मूल मुलगी असो वा मुलगा, त्याच्या स्वागतास दारांत उभें राहावें.